आईने फोडलेला कांदा

त्या सिनेमातलं कुटुंब पुण्याहून गाडी काढून देवदर्शनाला निघतं आणि वाटभर भांडतं. नवरा, बायको, दोन पोरं आणि मागच्या सीटवर कोंबलेले आजोबा. लोक पोट धरधरून हसले म्हणे. हसोत बापडे. माझ्यासमोर मात्र त्या सिनेमाचा विषय निघाला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती का जाते ते एकदा नीट सांगून टाकते.

आमचं घर तिसगावच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला अगदी लागून. दारात कडुनिंब आणि त्याच्या बुडाशी पाण्याचा रांजण. रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली की आई तांब्या घेऊन निघालीच. आधी पाणी, मग गूळ, आणि कोण-कुठले ही चौकशी सगळ्यात शेवटी. याला कारण आहे. आई-वडिलांची उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, गाठोडी आणि त्या गाठोड्यांवर आम्ही भावंडं, अशी आमची सहकुटुंब सहल निघायची. एका वर्षी बेलापूरच्या अलीकडे ट्रक बंद पडला आणि मला तापात चक्कर आली. जवळच्या वस्तीवरची एक बाई धावत आली. तिने बुक्कीने कांदा फोडून माझ्या नाकाला लावला, गूळपाणी पाजलं, आणि मी डोळे उघडल्यावरच ती घरी गेली. ती कोण, कुठली, आईला आजही माहीत नाही. पण तेव्हापासून रस्त्यात अडकलेलं माणूस आईच्या लेखी घरचंच माणूस झालं.

सिनेमावाले आमच्या कडुनिंबाखाली आले ते सावली बघून. त्यांना गाडी बंद पडल्याचा प्रसंग घ्यायचा होता. मी नगरला शाळेत शिकवते, त्यामुळे त्या दिवशी मी घरी नव्हते. संध्याकाळी आईचा फोन आला.

"आज एका म्हाताऱ्याला वाचवलं बग म्या," ती म्हणाली. आवाजातला आनंद लपत नव्हता.

झालं होतं असं. दुपारी जेवायची सुट्टी झाली, मोठ्या छत्र्या मिटल्या, माणसं ताटं घेऊन सावलीला पांगली. शूटिंग संपलं असं आईला वाटलं. तेवढ्यात आजोबांचं काम करणारा तो नट गाडीपाशी छातीला हात लावून मटकन खाली बसला आणि आडवा झाला. त्याची ती तालीम चालली होती, आणि एक कॅमेरा चालूच होता. आईला यातलं काय माहीत. ती घरातून कांदा घेऊन पळत सुटली. गाडीच्या बॉनेटवर बुक्की मारून तिने कांदा फोडला, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, कांदा नाकाला लावला, तळहात चोळले. भोवतीची माणसं मोबाईल काढून उभी राहिली तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली, "अवं, म्हातारं मरायला टेकलंय आन् तुमी फोटू काय काढताय? मानसं हायेत का कोन?"

मग म्हातारा उठून बसला. सगळे हसायला लागले, टाळ्या वाजल्या. माणूस वाचला म्हणून सगळे खूश झाले, असं आई समजली. खरं काय ते तिला कुणीही सांगितलं नाही. इतकी माणसं होती तिथे, शिकलेली, चांगल्या घरची. पण खरं सांगायला एकाचीही जीभ उचलली नाही. उलट तिच्याबरोबर फोटो काढले आणि संध्याकाळी गाड्या भरून निघून गेले.

सिनेमा लागला तेव्हा आईनेच हट्ट धरला. "तो म्हातारा कसा हाय ते तरी बगू," म्हणाली. मी तिला नगरच्या थेटरात घेऊन गेले. तिने लग्नकार्यातली साडी काढली होती.

सुरुवातीला आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलू. गाडीत पोरगं ओकलं तेव्हा आई मला कोपराने ढोसत म्हणाली, "टरकात तू बी आशीच वकायची. तुज्या बापाच्या अंगावर." मग आमचा कडुनिंब आला, आमचा रांजण आला. आई ताठ बसली. पडद्यावर ती स्वतः धावत आली तेव्हा तिने शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "ती मी हाय."

आणि थेटर हसायला लागलं. तिच्या धावण्याला त्यांनी ढोलकीचा ठेका जोडला होता. कांदा फुटला तेव्हा बॉम्ब फुटल्याचा आवाज. ती ओरडते तेव्हा तिचा पडलेला दात दिसेल इतका चेहरा जवळून दाखवला होता. आणि तिच्या मांडीवर पडलेल्या त्या नटाने एक डोळा किलकिला करून आमच्याकडे बघून मिचकावला. लोक शिट्ट्या मारत होते.

आईने माझा हात धरला. "त्यानं डोळा उघडला व्हता?"

मी मान डोलावली.

"म्हंजी त्याला काईच झालं नव्हतं?"

"नाही, आई."

तिने पदर तोंडाला लावला आणि सिनेमा संपेपर्यंत तो काढला नाही. शेजारची बाई हसतहसत तिला म्हणाली, "मावशी, भारी काम केलंत हो." त्या बाईची काही चूक नव्हती, तरी मला तिला तिथून उठवून द्यावंसं वाटलं.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणेच झालं. आईचं ते ओरडणं मोबाईलवर फिरलं. तिसगावच्या आठवडे बाजारात ती भाजी घेत असताना टवाळ पोरं मागून ओरडायची, "म्हातारं मरायला टेकलंय." माझ्या शाळेतल्या एका बाईंनी तर ते मलाच करून दाखवलं. मी सिनेमावाल्यांचा नंबर मिळवून फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. तुमच्या आई स्टार झाल्या. काय तो निरागसपणा, लोकांना किती आवडलाय."

निरागसपणा. या शब्दाने माझं टाळकं सणकलं. माझी आई निरागस नाही. कोयता चालवून तिने चार लेकरं मोठी केली, मुकादमाशी भांडून हक्काचं पदरात पाडून घेतलं. माणूस पडलं तर उचलायचं असतं, एवढं तिला कळत होतं आणि तुम्हाला कळत नव्हतं, म्हणून ती विनोदी ठरली का, असं मी त्याला विचारलं. त्याने फोन ठेवला.

आई मात्र चिडली नाही. "जाऊ दे. त्येंचं पोट हाय त्याच्यावर," एवढंच म्हणाली. ती विसरली, असं मला वाटलं.

या मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले होते. भर दुपारी कडुनिंबासमोर एक गाडी थांबली, बॉनेटमधून वाफा निघत होत्या. ड्रायव्हर पाणी शोधत होता. मागच्या सीटवरून एक वयस्क गृहस्थ उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि डोकं धरून वाकले. आईने घरातून बघितलं, तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला. कांदाही घेतला. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग गाडीच्या आत बघितलं. मग कडुनिंबावरसुद्धा नजर टाकली. ती काय शोधतेय ते माझ्या लक्षात आलं आणि माझा संताप झाला. पण आता ओरडायचं तरी कुणावर?

आई त्यांच्यापाशी गेली. दोन हात लांबच उभी राहिली.

"खरंच चक्कर आली का तुमाला?" तिने विचारलं.

त्या गृहस्थांनी घामेजलेला चेहरा वर केला. त्यांना प्रश्नाचा अर्थ लागेना. त्यांनी कशीबशी मान हलवली. तोवर पाण्याचा तांब्या आईने हातातच धरून ठेवला होता.