अलकाचं धुकं

अलका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत कामावरच होते. "काविळीनं नेली..." एवढंच तिचा भाऊ बोलू शकला. नंतर शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने सांगितलं, "अलकाताई कॉम्प्युटरवर फार सुबक टायपिंग करत." टायपिंग! रडू आवरलं आणि संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

कळंबच्या मेंढपाळाची ही मुलगी. पदवीनंतर आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. मुलं गेली की ती पडद्यावर धुकं उभं करायची, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने. ते पाहून क्लासवर आलेल्या पुण्याच्या एका जाहिरातवाल्या साहेबांनी दुधाच्या जाहिरातीसाठी पहाटेचं दृश्य मागितलं. वर म्हणाले, "धुकं म्हणजे काय, पांढरा रंग फासायचा!"

"पांढरं फासलं तर भिंत हुती, साहेब," अलका म्हणाली. "धुक्यात लांबचं आधी पुसट हुतं. आन् दिव्याचा उजेड थेंबाथेंबावर आपटून चौफेर पांगतो. त्यो हिशेब घालावा लागतो."

तो तिने घातला. एकेक चित्र तयार व्हायला तासन्‌तास लागत. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. अखेर एके दुपारी पडद्यावरच्या धुक्यातून दूधवाल्याच्या मोटरसायकलचा दिवा आला. गाडी दिसायच्या आधी नुसता तो ओलसर, पसरलेला उजेड... भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला.

जाहिरातीला बक्षीस मिळालं, ते साहेबांना. अलकाचं नाव कुठेच नाही. आम्ही पुण्याला जाऊन जाब विचारला, तर ते हसले. "अहो बाई, हे सगळं कॉम्प्युटरच करतो!"

"मग बक्षीस त्यालाच द्यायचं हुतं की," अलका म्हणाली.

त्यावरही ते हसले, तिच्या बोलीला.

त्यानंतर तिने दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. घरी कॉम्प्युटर आणला आणि धुक्यातून येणारा वडिलांचा कळप करायला घेतला. तो अर्धाच राहिला.

परवा कळंबला गेले. तिचे वडील, आबा, रोज सकाळी मुलाला तेच दृश्य लावायला सांगतात. माझ्यादेखत लावलं. पुढच्या काही मेंढ्या धुक्यातून बाहेर आल्या, चालत निघून गेल्या, मागे नुसतं धुकं उरलं. तिने केलेलं तेवढंच होतं. भाऊ बंद करायला उठला, तर आबांनी त्याचा हात धरला.

"थांब की. मागची मेंढरं यायचीत अजून."