कुणाच्याच घरी न जाण्याची सहल

लग्नानंतर मी बराच महाराष्ट्र पाहिला, पण तो बहुतेक स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून. कोल्हापूर पाहिलं ते चुलत नणंदेच्या ओट्यावरून. रंकाळ्याला सगळे गेले तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवून होते. नाशिकला घाटावर बसण्याऐवजी मेथी निवडली. माझा नवरा पैठण तालुक्यातल्या मोठ्या शेतकरी खटल्यातला. नातेवाइकाच्या गावावरून न थांबता पुढे जाणं हा त्याच्या लेखी गुन्हा आहे.

म्हणून मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आम्हाला दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा मी एकच अट घातली. पैठणला जायचं, तिथल्या धरणाच्या, नाथसागराच्या पाण्यातली बेटं पाहायची, लॉजवर राहायचं, पाचोडमार्गे परत यायचं. कुणाच्याही घरी जायचं नाही.

"अगं, पण बिडकीनला आत्या... नुसता चहा..."

"चहालासुद्धा नाही."

शहरातल्या क्रांती चौकातून निघालो तेव्हा गाडी मीच चालवत होते. त्याच्या हाती दिली असती तर बिडकीनला ती आपोआप आत्याबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली असती. त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून. गाव जवळ आलं तशी मी त्याला टोपी आणि माझा गॉगल चढवला, सीट मागे पाडायला लावली आणि गाणीही बंद केली. कचेरीत ज्याच्या सहीसाठी लोक ताटकळत बसतात, तो माणूस आडवा होऊन बिडकीन पार करत होता.

गाव मागे पडल्यावर तो उठून बसला. "आत्या दारातच बसलीय. वाळलीय गं फार."

"तुम्ही झोपला होतात ना? दिसल्या कशा?"

"जरासं डोकं वर केलं."

थंडीचे दिवस होते. धरणाचं पाणी इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. एका मासेमाराच्या नावेतून आम्ही बेटावर उतरलो. बेट म्हणजे कुठल्यातरी जुन्या गावची टेकडी. गाव पाण्याखाली गेलं, माथा तेवढा वर राहिला. चार बाभळी, सुकलेलं गवत, उथळ पाण्यात उभे बगळे. करण्यासारखं काहीही नव्हतं, आणि मी ते मनापासून केलं. कचोरीचा पुडा सोडता सोडता नवरा म्हणाला, की कॉलेजात असताना त्याला नाटकात काम करायचं होतं, राजाचं. इतक्या वर्षांत हे बोलायला त्याला निवांत जागा सापडली ती ही.

मी राजाला पहिला संवाद विचारणार, तेवढ्यात फोन वाजला. पाचोडचा त्याचा चुलतभाऊ. आवाज असा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"दादा, आत्याचा फोन आलता. म्हणती, सूनबाई गाडी चालवित होती अन् शेजारी कुणीतरी आजारी माणूस झोपला होता. तू बरा हायस ना?"

"बरा आहे रे."

"मंग उद्या जेवायलाच या इकडं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नाही म्हटलं. "उद्या पाचोडवरूनच जाऊ, पण थांबायला नाही जमणार रे," असं तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला, आणि लॉजवर अर्ध्या जेवणावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पाचोडचा आठवडी बाजार. टोमॅटोचे ढीग, शेळ्या, भांडीवाले, यांतून गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून कालचे फोनवाले दीर उभे! शेजारी जाऊबाई, डोक्यावर पदर, एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कप. त्या घरात एकदा पाऊल टाकलं की उरलेला दिवस संपला.

मी काच खाली केली. "भावजी, राग मानू नका. आम्ही घरी येणार नाही."

"म्हंजी? काय चुकलं का आमचं?"

"काहीच नाही. दोन दिवस मला कुणाच्याच घरी जायचं नाही, एवढंच."

दोन-चार गिऱ्हाइकं भाव करायचं सोडून ऐकत उभी राहिली. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. जाऊबाईंनी मात्र खिडकीतून चहाचा कप आत दिला.

"मंग कुठं गेल्ता, अक्का?"

"नाथसागरात. बेटावर."

"काय हाय तिथं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचं? कुणी काय मागत नाय?"

"कुणीच नाही."

"लगीन झाल्यापासून म्हणते, एकदा न्या. तर हे म्हणत्यात, पाण्यात काय बघायचं."

"पाणीच तर हाय," दीर म्हणाले.

मी चहा संपवला. शेजारी नवरा भावाकडे असा पाहत होता, की शाळेच्या खिडकीतून मैदानाकडे पाहणारं पोर बरं.

"जाऊबाई, बसा," मी म्हणाले. "आणि अहो, तुम्ही उतरा."

"मी? मी कुठं जाऊ?"

"भावाच्या घरी. मनानं कालपासून तिथंच आहात."

तो इतक्या चपळाईनं उतरला की मला क्षणभर वाईट वाटलं. जाऊबाईंनी किटली दिरांच्या हातात दिली. "भाकरी टोपल्यात हायत. कालवण चुलीवर हाय, खाली लागंल, बघा," असं सांगून त्या पुढच्या सीटवर बसल्या. दीर किटली धरून उभेच. टेम्पोवाल्यानं खाली उतरून मला गाडी वळवून दिली.

पैठणच्या रस्त्याला लागल्यावर वाऱ्यानं त्यांचा पदर खाली आला. तो त्यांनी वर घेतला नाही.

"अक्का, जरा हळू चालवा."

"भीती वाटते का?"

"नाय वो. नायतर लवकर पोचू ना."