मामांनी दिलेली बंदुकीची नळी

मंडळी, आज तालमीत मला धड मरता आलं नाही. दोष माझा नाही, बंदुकीच्या नळीचा आहे.

आमच्या सानपाडा गावच्या जत्रेत यंदा साठच्या दशकातल्या सरहद्दीवरचं नाटक आहे. मी शत्रू. मला मारायची हिरोची रायफल मीच घरी बनवली. दस्ता जुन्या खाटेच्या पायाचा, आणि नळी स्वस्तात पडावी म्हणून मी प्लास्टिकचा पाइप आणला होता.

तेवढ्यात मामा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाडजूड लोखंडी पाइप घेऊन आले. एकदम फुकट! वर नारळही फोडला.

आज हिरोला रायफल उचलेना. शेवटी मीच समोरून नळी धरून माझ्या छातीला टेकवली. "ठो!" झालं. पण मी पडलो असतो तर नळी हिरोच्या पायावर आली असती. मी उभाच.

"मर ना रं!" दिग्दर्शक काका ओरडले.

"मग नळी कोण धरणार? प्लास्टिकची लावूया ना!"

"मामांनी दिलेली परत करतंस? पयल्या रांगेत बसनार हायेत ते!"

बरं, हिरो बदलावा, तर तो मामांचाच जावई.

आता तुम्हीच सांगा, मी मरू कसा?