नारळाचं भाडं

“नारळ हेच भाडं, रावसाहेब,” मक्तेदाराचे वकील म्हणाले, आणि मामलेदारांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. पिंजऱ्यात माझा पक्षकार पोशा तांडेल उभा होता. त्याचा गुन्हा एवढाच, की अडलेल्या बाईला त्याने आपल्या होडीतून खाडीपार नेलं. कुलाबा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी तेव्हा नवा वकील होतो. वकिली सोडून आता बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

आधी प्रकरण सांगतो. आमच्या खाडीवर माणसं पलीकडे नेणारी एकच सरकारमान्य होडी होती. ती चालवायचा हक्क दर वर्षी लिलावात जायचा. जो घेईल तो मक्तेदार. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी भाडं घेऊन उतारू, म्हणजे पॅसेंजर, नेले तर गुन्हा. इथवर ठीक. पण सरकारदरबारी होड्यांचीही जातवारी होती: मासेमारीची, मालाची, उतारूंची. मासेमारीच्या होडीत खलाशी असावेत, जाळी असावीत, मासे असावेत. चौथं काही दिसलं की धक्क्यावरचा शिपाई शिट्टी फुंकायचा.

गावं खाडीच्या एका बाजूला, दवाखाना आणि कचेरी दुसऱ्या बाजूला. भाद्रपदातल्या एका दुपारी आगऱ्यांच्या घरातली सून अडली. सासूने तिला खाटेवर घालून धक्क्यावर आणलं. मक्तेदाराची होडी समोरच्या काठावर उभी, आणि उतारू भरल्याशिवाय ती सोडायची नाही असा त्याचा हुकूम. पोशा मासेमारीला निघालाच होता. त्याने जाळी काठावर टाकली आणि खाट होडीत घेतली. अर्ध्या खाडीत बाई बाळंत झाली, मुलगी झाली. वेळेवर पोचल्या म्हणून दोघी वाचल्या, हे डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं.

मक्तेदाराने दुसऱ्याच दिवशी फिर्याद ठोकली. त्यात लिहिलं होतं, ‘उतारू तीन’. सासू, सून आणि ती मुलगी. पोलिसांनी होडी जप्त केली आणि कचेरीमागच्या वाळूत ओढून ठेवली. जप्त वस्तूला कोर्टात मुद्देमाल म्हणतात. चोरीचा तांब्याही मुद्देमाल आणि एका घराचं पोटही मुद्देमाल. नारळी पौर्णिमा होऊन हंगाम नुकताच लागला होता, आणि पोशाकडे दुसरी होडी नव्हती.

मी त्याला समजावलं, “कोर्टात विचारतील, काही घेतलंस का. नाही म्हण. भाडं नाही तर गुन्हा नाही.”

“पन नारळ घेतला ना, वकीलसायब. म्हातारीने दिला.”

“तो विसर.”

“दर्याचा नारळ कसा इसरू? खोटं बोलून परत त्याच्यावरच जायचा हाय.”

तिथल्या कोळ्यांची रीत अशी, की होडीमुळे कोणाचा जीव वाचला तर त्या घरच्यांनी तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याच्या, हाती नारळ द्यायचा आणि त्याने तो दर्याला सोडायचा. तांडेल त्यातला तुकडाही खात नाही. पोशाने हे सगळं भर कोर्टात सांगून टाकलं. मक्तेदाराच्या वकिलांना तेवढंच हवं होतं.

मामलेदार माणूस वाईट नव्हते. पण कुठलीही गोष्ट एखाद्या खान्यात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“नारळ भाडं नसेल तर मग काय?” त्यांनी मला विचारलं. “बक्षीस? मोबदला? दान? काहीतरी एक सांगा.”

“रावसाहेब, तो नारळ आहे.”

“नारळ हा वर्ग नाही.”

मला असा संताप आला की दोन मिनिटं मी कागद चाळायचं सोंग केलं. मग मक्तेदाराला क्रॉसला घेतलं.

“तिसरा उतारू कुठल्या धक्क्यावर चढला?”

“खाडीत.”

“खाडीत कुठला धक्का?”

कोर्टात हशा पिकला. मला हसू आलं नाही. एक बाई मरणाच्या दारात होती आणि हा माणूस डोकी मोजत होता.

मग सासूला बोलावलं. नारळ केव्हा दिला, असं मी विचारलं.

“सुनेला दवाखान्यात नेली, मंग दुकानातून आनला,” म्हातारी म्हणाली. “याने तो आमच्यादेखत पान्यात सोडला. भाडं पान्यात कोन टाकतं?”

भाडं घेतल्याचं सिद्ध होत नाही म्हणून पोशा सुटला आणि होडी परत द्यायची ऑर्डर झाली.

ती घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. तारखांवर तारखा पडल्या होत्या आणि होडी तेवढे दिवस कोरड्या वाळूत तापत होती. फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पोशाने त्यांवरून हात फिरवला. तो हंगाम त्याने दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून काढला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मामलेदारांनी वर लिहिलं, की अशा अडल्या-आजारी उतारूंसाठी वर्गच नाही. काही महिन्यांनी हुकूम आला आणि ‘आजारी उतारू’ असा नवा वर्ग निघाला. मासेमारीच्या होडीतून त्याला न्यायला परवानगी. मात्र आजारी असल्याचा डॉक्टरचा दाखला होडीत चढण्यापूर्वी जवळ हवा.

डॉक्टर खाडीपलीकडे. हे मी मामलेदारांना जाऊन सांगितलं.

“अहो, आता वर्ग झाला ना?” ते म्हणाले.

खाना नसलेलं माणूस सरकारला दिसत नाही, आणि खाना केला की फक्त खानाच दिसतो. चाळीस वर्षांच्या वकिलीत मी एवढंच शिकलो.

पोशा पुढेही अडल्यानडल्यांना नेत राहिला. दाखला कोणाजवळच नसायचा. पुढच्या फिर्यादीसाठी त्याचा अंगठा घेतलेलं एक कोरं वकीलपत्र मी कायम टेबलाच्या खणात ठेवत असे.