स्पीकरखालची चुंबळ

धम्मरत्नकाकांना घाटंजीच्या पंचक्रोशीत एकेकाळी गाण्यासाठी बोलावणी यायची. जयंती असो की लग्न, त्यांची गायन पार्टी हवीच. पुढे काका, बाजूला ढोलकी आणि कोरसला त्यांची बायको रुखमाबाई. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ते कुजबुजतात, तेही जपून.

राहिली एक जुनी कॅसेट. पुसदला राहणाऱ्या मुलीने, दीपमालाने, ती पेन ड्राइव्हवर भरून आणली आणि काकांना एकच आस लागली. आपला आवाज पुन्हा एकदा शब्दन्‌शब्द ऐकायचा. त्यासाठी त्यांनी मिरवणुकीत वाजलेले दोन जुने मोठे स्पीकर आणले. आमच्याकडे जमीन हादरल्याशिवाय गाणं वाजलं असं कोणी मानत नाही. म्हणून काकांनी ते माडीवर, थेट सागाच्या फळ्यांवर ठेवले. मग काय, फळ्याच ढोलकी झाल्या. सगळी माडी धुमधुम करायची आणि काकांचे शब्द त्यात बुडून जायचे. खाली स्वयंपाकघरात रुखमाबाईंचे डबे नाचायचे. मी भिंतीला भिंत लावून राहतो, माझं डोकं उठायचं.

"कॅसेटच बिघडली," काका म्हणायचे. "आडातच नाही, तं पोहऱ्यात कुठून येईन?" आणि तोंड पाडून बसायचे. ते बघवत नसे, म्हणून मी भांडायला गेलो नाही. एरवी मी एवढा सोशिक नाही.

रुखमाबाईंना मात्र डब्यांची पडली होती. मिरच्या कुटताना त्या लोखंडी खलाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चुंबळ ठेवतात, डोक्यावरच्या हंड्याखाली असते तशी गोल. मग कुटण्याचा दणका जमिनीत उतरत नाही. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली, "बाबू, ह्या स्पीकरच्या पेट्या उचलू लाग मले." त्यांनी खाली ट्यूबच्या चुंबळी मांडल्या, वर शहाबादी फरशी आणि फरशीवर स्पीकर.

"अवं, सारा दणका जाईन ना," काका कुरकुरले.

"जाऊ द्या. माहे डबे तं जागेवर राह्यतीन."

गाणं लावलं. जमीन गप्प होती. ढोलकी आपल्या जागी गेली आणि काकांचा भरदार आवाज समोर आला, एकेक शब्द मोकळा. काकांचे डोळे भरले. पण मध्येच त्यांनी गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. कडव्याच्या शेवटी, वरच्या सुरावर, त्यांचा आवाज विरत होता आणि एका बाईचा आवाज ती ओळ हलकेच उचलून शेवटपर्यंत नेत होता.

"हे कोण व?"

"मी. अजून कोण?" रुखमाबाई पदराने फरशीवरची धूळ पुसत म्हणाल्या. "तिथं तुमचा दम तुटे. ढोलकी जोरात राहे, म्हून कोनाले समजे नाही."

"सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय होते? गानं पुरं झालं न."

काका कुजबुजले, "त्याच ओळीले लय टाळ्या पडत. मले वाटे, माह्याच हायेत. लय उपकार हायेत तुहे, रुखमे."

आणि त्यांनी दोन्ही हात वर करून बायकोसाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रुखमाबाई लाजून "पुरे आता" म्हणत राहिल्या, पण काका काही थांबेनात.