गुलाबी गोळी, पांढरी गोळी

गेल्या बाजाराच्या दिवशी आमच्या काउंटरवर एक गोष्ट घडली. तेव्हापासून मी जरा तरंगतोच आहे... म्हणून लिहून टाकतो.

वडवणीत माझं मेडिकल आहे. डिप्लोमा कसाबसा केला, खरं शिकलो ते औषधाच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या डिक्शनरी घेऊन वाचून. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. अर्धी स्ट्रिप कापून दिली, तरी पाकिटावर नाव, वेळ आणि एक्सपायरी लिहिल्याशिवाय ते पाकीट माझा काउंटर ओलांडत नाही.

माझी मुलगी वैष्णवी यंदा बी.फार्म. झाली. तिच्या मामाने संभाजीनगरच्या एका कंपनीत तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. हो की नाही, ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

वैष्णवीच्या मनात मात्र वेगळंच. एम.फार्म. करायचं, मग दवाखान्यात पेशंटसोबत काम, त्यातूनच संशोधन, आणि जोडीला कॉलेजात शिकवणं. मामा फोनवर म्हणाला होता, "दाजी, पोरगी एका जन्मात तीन नोकऱ्या करणार हाय व्हय? एक काय ते धर म्हणावं की!"

खरं सांगतो, मलाही मामाचं पटत होतं. तिचा बेत ऐकायला फार गोड वाटायचा, पण ओल्या हातात धरलेल्या कॅप्सूलसारखा... बघता बघता मऊ पडेल असा.

तर तो बाजार. ऊसतोडीला निघायच्या आधीचा, त्यामुळे गर्दी विचारू नका. टोळीबरोबर जाणारी माणसं पुढच्या कित्येक महिन्यांची औषधं घेऊन जातात... तिकडे उसाच्या फडावर ओळखीचं दुकान कुठलं?

रांगेत गयाबाई होत्या. आमचं जुनं गिऱ्हाईक, बीपीची गोळी चालू. काउंटरला हात टेकून म्हणाल्या, "आठ दिस झालं, उठलं की डोळ्याम्होरं अंधारी येती बगा."

वैष्णवीने त्यांना स्टुलावर बसवलं आणि पिशवी उघडायला लावली. आत आमच्याकडची गुलाबी गोळी आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेली पांढरी. औषध तेच, पॉवर तीच, फक्त कंपनी वेगळी. बाई रोज दोन्ही घेत होत्या.

समोरच्या डॉक्टरांकडे पाठवून आधी बीपी मोजून आणलं. बरंच उतरलेलं. त्यांनी बाईंना तासभर झोपवून ठेवलं, आजची गोळी थांबवली आणि उद्यापासून एकच घ्यायला सांगितलं.

बाई परत आल्यावर मी माझ्या पद्धतीने समजावलं. स्ट्रिपवरचं नाव बोटाने दाखवलं, पॉवर दाखवली, दोन्हींतलं औषध एकच आहे हे सावकाश सांगितलं. बाईंनी मान हलवली, मी समाधानाने पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

वैष्णवी म्हणाली, "मावशी, आता तुम्ही मला सांगा. उद्या सकाळी काय घ्याल?"

गयाबाईंनी दोन्ही स्ट्रिपा उचलल्या. "ही गुलाबी जुन्या दुखण्याची, ही पांढरी नव्या दुखण्याची. दोनी घ्यायच्या की!"

इतकं बिनचूक सांगितलं होतं मी! माझं सांगणं पूर्ण झालं होतं, त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

वैष्णवीने क्षणभर विचार केला. "मावशी, तुमच्याकडं दोन कोयते हायत. एकाची मूठ लाल, एकाची पांढरी. पातं सारखंच. मग ऊस तोडताना दोन्ही हातांत दोन धरता का?"

"आगं बया, हातच तुटल की माजा!" बाई हसल्या... आणि हसता हसता थांबल्या. गोळ्यांकडे बघितलं, पांढरी स्ट्रिप बाजूला सारली. "म्हंजी ही सपल्यावर ती. एका टायमाला एकच."

मग मागच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "तुज्या पिशवीत काय हाय बघू? मूठ बघू नगं, पातं बघ!" रांगेत हशा पिकला आणि पिशव्या उघडायला लागल्या. गयाबाईंसारखं करणारे आणखी काही जण त्यात निघाले.

गर्दी ओसरल्यावर वैष्णवी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता... "पप्पा, गोळीचा रंग बदलला म्हणून तोडणीवर किती जणांचं असं होत असेल? हे कुणी नीट तपासलंय का?"

आणि मला दिसलं... पेशंटशी बोलणं झालं होतं, शिकवणं झालं होतं, संशोधनाचा प्रश्नही समोर उभा होता. तीन नोकऱ्या कुठे होत्या? एकच काम होतं आणि ते माझ्याच काउंटरवर, माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "दाजी, हो म्हणून सांगू ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "ती एम.फार्म. करणार हाय."

"आन् दुकान?"

"दुकानाला मी हाय की."

त्या दिवसापासून दुपारी शटर अर्धं ओढलं की मला एक वर्ग दिसतो. फळ्यापाशी वैष्णवी उभी आहे, तिच्या एका तळहातावर गुलाबी गोळी, दुसऱ्यावर पांढरी. मुलांना ती सांगतेय, आमच्या वडवणीत एक गयाबाई आहेत... शेवटच्या बाकावर मीही बसलेलो असतो.

इतकी वर्षं कुणी शिकवलं नाही, हे मी मिरवत आलो. आता तसं म्हणता येणार नाही. पाकिटावर सगळं लिहून झालं की मी ते गिऱ्हाइकाच्या हातात देतो, आणि सोडायच्या आधी म्हणतो, "आता तुम्ही मला सांगा."