पडद्याकडे पाठ

काकाजी टॉकीजमध्ये पडद्याकडे पाठ करून बसत. पहिल्या रांगेच्याही पुढे, बाजूच्या दाराजवळ त्यांची लोखंडी खुर्ची असे आणि तिचं तोंड प्रेक्षकांकडे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. पण कुठल्या प्रसंगाला बाल्कनी रडते आणि कुठल्या गाण्याला खालचे लोक बिडी ओढायला बाहेर जातात, हे त्यांना पाठ होतं.

धंदा स्लाइडचा. दुकानदारांच्या जाहिराती काचेवर रंगवून घ्यायच्या आणि इंटरवलमध्ये पडद्यावर दाखवायच्या. कोणाची स्लाइड कितवी लावायची, ही त्यातली खरी विद्या. सगळ्यांना शेवटची हवी असे, सिनेमा पुन्हा सुरू होण्याच्या अगदी आधीची. तिचा भावही सर्वांत जास्त. साडीवाले आणि सराफ तिच्यासाठी हातघाईवर येत. काकाजी पैसे घेत, पण सांगूनही टाकत, "शेठजी, शेवटच्या स्लाइडले लोकं शिट्ट्या मारतात. त्याईले हिरोइन पाह्यची असते, तुमचं दुकान नाही." शेठजी हसत आणि तीच घेत. ते गेल्यावर काकाजी म्हणत, "याले मान पाह्यजे गा, गिऱ्हाईक नको."

मी त्यांच्याकडे गेले ती रडकुंडीला येऊन. सातवीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन देवगडजवळच्या खेड्यातून थेट नागपुरात. सक्करदऱ्याला एक खोली. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा घरात कमावण्यासारखं माझं शिलाई मशीनच उरलं. मी बायकांसाठी शिवणवर्ग काढला. वर्गात मुली दोन, त्यांतली एक घरमालकाची, म्हणजे फुकट. दिवाळीपर्यंत वर्ग भरला नाही तर बिऱ्हाड गुंडाळून गावी जायचं, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणजे नवऱ्याने ठरवलं होतं आणि मी मान हलवली होती. गावी जाऊन करणार काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"काकाजी, स्लाइडचे किती घेता?" मी घाबरतच विचारलं.

"आत्ता काहीच नाही. स्लाइड पाहून जेवढ्या बाया येतील तेवढ्याईचे देजो."

"आणि मी खोटा आकडा सांगितला तर?"

काकाजींनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुले जमणार नाही वं ते," ते म्हणाले.

शनिवारी मी स्वस्तातलं, खालचं तिकीट काढून बसले. इंटरवलचे दिवे लागले, पुरुष भराभरा उठले आणि त्याच लख्ख उजेडात माझी स्लाइड आली. फिकट, कशीबशी दिसणारी, समोर सगळ्या पुरुषांच्या पाठी. मग बऱ्याच वेळाने दिवे मंद झाले आणि बाकीच्यांच्या स्लाइडी झळकल्या. मला गावच दिसायला लागलं.

"फुकटातली म्हणून फेकून दिलीत ना माझी स्लाइड?" मी काकाजींना गाठून म्हटलं आणि मला रडूच आलं.

"काहून रडून राहिली? उद्या ये अन् माह्या खुर्चीवर बस."

दुसऱ्या दिवशी पडद्याकडे पाठ करून मी बसले. काकाजी शेजारी उभे. दिवे लागले, खालचे पुरुष चहाला पळाले.

"आता वर पाह्य. बाल्कनीत," काकाजी म्हणाले.

बायका जागच्या जागीच होत्या. कोणाच्या मांडीवर पोर झोपलेलं, कोणी पिशवी ठेवून नणंदेची जागा धरलेली. माझ्या डोक्यावरून त्या सगळ्या पडद्याकडे बघत होत्या. एकीचे ओठ हलले, 'शि-व-ण', आणि तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

"माणसं चाय प्यायले गेले का बाया मोकळ्या होतात," काकाजी म्हणाले. "हे जागा कोणी घेत नाही, म्हणून माह्यापाशी पडून होती. उजेडात दिसावं म्हणून अक्षरं जाड काढले. काल तू माणसाईच्या मागं बसली, तुले पाठीच दिसतीन!"

दिवाळीच्या आत वर्गाला माझी सतरंजी पुरेना. एक बाई आली, तिला वाचताच येत नव्हतं. स्लाइड शेजारणीने वाचून दाखवली होती. मी तिचेही पैसे पुढे केले. काकाजींनी ते परत सरकवले. "थे शेजारणीनं आणली. तिच्यावर माहा हक्क नाही." गावी जायचा विषय नवऱ्याने पुन्हा काढला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

पुढे टॉकीजमध्ये मुंबईहून हलत्याबोलत्या जाहिराती यायला लागल्या. काचेच्या स्लाइडींना कोणी विचारेना. काकाजी लेकीकडे काटोलला राहायला निघाले. मी पुरुषांचे कपडे कधी शिवले नव्हते, तरी हट्टाने त्यांना एक सदरा शिवला. कॉलर अशी बसली की एक टोक कानाकडे आणि दुसरं खांद्याकडे. स्टँडवर ते तोच घालून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकाजी, द्या तो इकडे, उसवून नीट करून पाठवते."

"राहू दे वं. चूक अशा जागी आहे, जिथं कोणाचीच नजर जात नाही."

माणसाची नजर कुठे जाते हे त्यांच्याइतकं नागपुरात कोणाला कळत नव्हतं, म्हणून मी ते खरं मानलं. ते काटोलच्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले, ताठ मानेने. रांगेतला एकेक माणूस वळून त्या कॉलरकडे बघत होता.